शिक्षणाचा रकाना

कोणताही फॉर्म घ्या. बँकेचा, सोसायटीचा, नोकरीच्या अर्जाचा. नाव, गाव, वय यांच्याखाली 'शिक्षण' असा एक रकाना असतोच. त्यात बोटभर जागा असते. या बोटभर जागेने मला जन्मात जेवढा घाम फोडला, तेवढा भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यानेही फोडला नाही. या रकान्याबाबत मी एकदा धडधडीत खोटेपणा केला आहे, दोन-तीन वेळा तो कोरा सोडला आहे आणि एकदा तो छाती फुगवून भरला आहे. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेने घरातल्या सगळ्या माणसांची माहिती मागवली. नात कागद-पेन घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं शिक्षण सांगा." वयाची सदुसष्टी गाठली तरी उत्तर चटकन तोंडातून येईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव चाकणपासून दोन-अडीच कोसांवर, भामा नदीच्या खोऱ्यात. त्या वेळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, बैलांचा बाजार आणि जुना पडका भुईकोट, एवढेच. आमची पावणेचार एकर जमीन, सगळी पावसाच्या भरवशावरची. बाजरी, मटकी, थोडा भुईमूग. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी आठवीत होतो. शाळा सोडून आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागलो. सरकारी सुकडी खाल्ली, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या दुष्काळाची अशी दहशत आबांच्या मनात बसली की पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी घरच्या माणसांनिशी विहीर खोदून काढली. ही विहीर लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

शाळेत परत गेलो तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला होता. १९७५ साली अकरावीऐवजी दहावीची बोर्डाची परीक्षा प्रथमच झाली, त्या पहिल्या तुकडीत मी बसलो आणि इंग्रजी व गणित या दोन विषयांत आपटलो. आबांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, "किती कमी पडलं?" जणू बांधाची मोजणी चालली होती. मी म्हणालो, "इंग्रजीत अकरा, गणितात सात." ते म्हणाले, "म्हंजे थोडक्यात राहिलं," आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

नापास झाल्यावर वर्षभर मी आमच्या गावच्या सुतारमामांच्या पडवीत जाऊन बसत असे. आठ सूत म्हणजे एक इंच, हे मी शाळेत नव्हे तर तिथे शिकलो. पाभरीचे फण बसवताना मामा एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "सूतभर डावीकडे." फण सूतभर सरकला की काम फत्ते. माझ्या लेखी सूत ही जगातली सर्वांत बारीक गोष्ट होती.

१९७६ साली गावच्या एका ओळखीने भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून चिकटलो. रोज सहा रुपये. पहाटे सायकल काढायची, चिंबळीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, मोशी मागे टाकायची आणि आठाच्या भोंग्याला हजर व्हायचे. पिंपरी-चिंचवडचा तो भराचा काळ होता. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारने पेनिसिलीनचा कारखाना काढला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि माळामाळांवर प्लॉट पडले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर, १९६६ पासून टेल्कोचा पसारा. चार गावे मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि बारा वर्षांत, १९८२ साली, तिची महानगरपालिका. मोठ्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग बनवायला भोसरीत शेकडो शेड उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका शेडमध्ये मी लेथवरचा कीस झाडत होतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६१ साली अॅप्रेंटिसचा कायदा झाला होता. त्याप्रमाणे मोठ्या कारखान्यांना ठराविक प्रमाणात शिकाऊ मुले घ्यावीच लागत. टेल्कोसारख्या ठिकाणी तर शिकाऊंसाठी वेगळी कार्यशाळा, शिकवायला माणसे, पुस्तके, परीक्षा असा सगळा थाट होता. तिथून तयार होऊन निघालेला मुलगा लेथपुढे उभा राहिला की त्याच्या उभे राहण्यातच फरक दिसे. आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये मात्र शिकवणारा कोणी नाही. बघायचे, चुकायचे, शिव्या खायच्या आणि शिकायचे. चार वर्षांत मी हेल्परचा टर्नर झालो. हात चांगला बसला. मायक्रोमीटर वाचता येऊ लागला. मिलिमीटरचे शंभर भाग करायचे आणि त्यातला एक भाग चुकला तरी जॉब परत यायचा. एका सुतात असे तीनशे सतरा भाग बसतात हे मी एका रविवारी गावी जाऊन सुतारमामांना सांगितले. ते हसून म्हणाले, "मग तुझं नांगर कधी तयार व्हायचं रं?"

१९७९ साली माझे लग्न झाले. मुलगी जुन्नरकडची, दहावी पास. तिच्या वडिलांनी विचारले, "मुलगा किती शिकलाय?" मध्यस्थ म्हणाले, "मॅट्रिक आहे की." मी खाली घोंगडीकडे बघत बसलो. आबांनी पान लावायला घेतले. कोणी 'होय' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. ते खोटे माझ्या तोंडून निघाले नव्हते एवढेच, पण ते माझेच होते. भोसरीत दहा बाय दहाची खोली घेतली आणि संसार मांडला. खोटेही बरोबर आले.

१९८१ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एका पिनचे काम आले. पिन बोटाएवढी, संख्या १४०, तातडीची. फोरमन रजेवर. मालकाने ड्रॉइंग माझ्या हातात दिले आणि विचारले, "वाचता येतंय ना?" मी म्हणालो, "येतं की." आकडे मला वाचता येत होते. व्यास किती, लांबी किती, खाच कुठे, सगळे समजले. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ होती. अक्षरे ओळखीची, पण जोडून अर्थ लागेना. शेजारच्या लेथवर आयटीआय झालेला एक मुलगा काम करीत होता. त्याला विचारायला पाच सेकंद लागली असती. पण तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि तो मला 'दादा' म्हणत असे. मी विचारले नाही. दोन रात्री जागून १४० पिना काढल्या. एकेक पिन आरशासारखी, मापात एक शतांशाचाही फरक नाही.

पिना कडक करायला भट्टीवर गेल्या आणि तिथून ग्राइंडिंगला. ग्राइंडरवाल्याने पहिलीच पिन मापली आणि डोक्याला हात लावला. कोपऱ्यातली ओळ अशी होती, की घासण्यासाठी व्यासावर पॉइंट तीन मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा. भट्टीत पोलाद थोडे वाकते, वरून काळे पडते. म्हणून आधी जाड ठेवायचे आणि कडक झाल्यावर घासून मापात आणायचे. मी तर अगोदरच मापात आणून ठेवलेल्या. घासायला मालच नव्हता. १४० च्या १४० पिना भंगारात. गंमत अशी की 'ग्राइंडिंग' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा बोलत होतो. कागदावर तो मला ओळखू आला नाही. शेजारचा माणूस परगावच्या जत्रेत समोर यावा आणि आपण त्याला ओळखू नये, तसे झाले.

मालकाने माझा पगार कापला नाही. कापला असता तर हिशेब तरी मिटला असता. ते फक्त म्हणाले, "पाटीत भर आणि तूच नेऊन टाक." भंगाराचा ढीग शेडच्या मागे होता. पाटी डोक्यावर घेऊन मी सगळ्या लेथांच्या मधून चालत गेलो. सगळ्या मशिनी चालू होत्या, तरी मला आपल्याच पायांचा आवाज ऐकू येत होता.

रात्री जेवायला बसलो, घास उतरेना. हिने कारण विचारले. पिनांचे सांगितले. मग एकदम म्हणालो, "मी मॅट्रिक नाही. दहावी नापास आहे." ही थोडा वेळ स्टोच्या वातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या महिन्यातच. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात डोळे चुरचुरतात. बाहेर जाऊन रस्त्यावरच्या बसचा नंबर मात्र लांबून वाचलात."

दोन वर्षे या बाईने ते पोटात ठेवले होते. रडली असती, भांडली असती तर मला सोपे गेले असते. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर भिंतीला टेकवलेली नवी कोरी पाटी, लाकडी चौकटीची. मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा. म्हटले, "याच्यासाठी आत्तापासून?" म्हणाली, "याच्यासाठी नाही. तुमच्यासाठी. हात-पाय धुवा आणि बसा."

आता चाळीत नवरा बायकोकडून शिकतो आहे हे दिसले तर काय होईल याची तुम्हाला कल्पना आहे. म्हणून आम्ही दार लावून बसत असू. रोज रात्री नऊला दार बंद होते म्हणून चाळीत आमची वेगळीच चेष्टा सुरू झाली. ती मला परवडली. खरे कारण कळले असते तर परवडले नसते. आज याचे हसू येते, पण तेव्हाची माझी अक्कल एवढीच होती.

पद्धत हिनेच ठरवली. शाळेचे पुस्तक नको. मी शेडमधल्या ड्रॉइंगवरचे शब्द कागदाच्या तुकड्यावर जसेच्या तसे उतरवून आणायचे, रोज पाच. कुठलीशी जुनी वीरकरांची डिक्शनरी हिने मिळवली होती. पण झाले काय, की 'चॅम्फर', 'नर्लिंग', 'डीबर' असले शब्द हिलाही ठाऊक नव्हते. मग ही वाचून दाखवी, आणि मी तो शब्द कानाने ओळखून हिला अर्थ सांगे. चॅम्फर म्हणजे कडेची धार तिरपी मारायची, हाताला लागू नये म्हणून. नर्लिंग म्हणजे पकड यावी म्हणून पाडलेली खरखर, आपल्या जात्याला टाकी मारतात तशी. "म्हणजे तुम्हाला सगळं येतंच आहे," ही म्हणाली, "फक्त कागदावरचं तोंड ओळखीचं नाही."

महात्मा जोतिराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले हे आपण सगळे जाणतो. आमच्या खोलीत त्याच्या उलट चालले होते. खुद्द जोतिरावांची शाळासुद्धा मध्येच सुटली होती आणि मळ्यात काम करून ते १८४१ मध्ये पुन्हा शाळेत गेले, हे मला फार पुढे वाचनात आले. १८५५ साली या दांपत्याने दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. पुण्यातली ती शेतकरी, मजूर मंडळी दिवा लावून अक्षरे गिरवायला बसली असतील तेव्हा त्यांनाही दार लावावेसे वाटले असेल का, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पैसे नाहीत, वेळ नाही, डोके चालत नाही, असे आपण म्हणतो. माझ्या बाबतीत यातले एकही कारण खरे नव्हते. वेळ होता, पाटीला फारसा पैसा लागला नव्हता आणि डोके शतांशात चालत होते. आड आली ती लाज. लहानाला विचारायची लाज, बायकोसमोर चुकायची लाज, मिशा आल्यावर पाटी धरायची लाज. १४० पिना त्या लाजेने भंगारात घातल्या.

पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो. १९८५ मध्ये इंग्रजी निघाले, गणित राहिले. मायक्रोमीटर वाचणारा माणूस बीजगणितात आपटला! १९८७ मध्ये पुन्हा बसलो. त्या वेळी मी एकोणतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. परीक्षेच्या वर्गात शिरलो तर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "पाण्याची कळशी त्या कोपऱ्यात ठेवा." मी म्हणालो, "बाई, माझा नंबर तिसऱ्या बाकावर आहे." सगळी पोरे फिदीफिदी हसली. बाई ओशाळल्या आणि पेपर संपेपर्यंत दोनदा मला विचारून गेल्या, "पुरवणी हवी का?" पास झालो. निकाल हातात आल्यावर पहिला फॉर्म पोस्टात बचत खात्याचा भरला. त्यात शिक्षणाचा रकाना नव्हता, तरी मी 'दहावी पास' असे नावापुढे लिहिले. खिडकीवरच्या कारकुनाने ते शांतपणे खोडले.

आता कोणी विचारील, पास होऊन पगार किती वाढला? सुरुवातीला काहीच नाही. पण ड्रॉइंग वाचता येते म्हटल्यावर नव्या कामाचा पहिला जॉब माझ्याकडे येऊ लागला, मग सेटर झालो, आणि १९९४ मध्ये आमच्या शेडमध्ये संगणकावर चालणारे लेथ आले, ते सीएनसी. मालकाने त्यासाठी कर्ज काढले होते. त्याच्याबरोबर एक बावीस वर्षांचा डिप्लोमावाला मुलगा आला. जुने टर्नर त्या मशिनीकडे पाठ करून उभे राहिले. एक जण म्हणाला, "आता आपले हात लोणच्यात घाला." मलाही तसेच वाटले होते. वीस वर्षांचे हात. लेथचा आवाज ऐकून टूलची धार गेली की नाही ते सांगणारे कान. किसाचा रंग निळा पडला की कुठे काय तापते आहे ते ओळखणारे डोळे. आणि ही मशीन तर बंद काचेआड चालते, हातच लावू देत नाही.

पण भंगाराची ती पाटी डोक्यावरून अजून उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "सर, मला शिकवाल का?" तो गोंधळला. म्हणाला, "दादा, सर नका म्हणू." पण मी मुद्दाम म्हणत राहिलो. एकदा 'सर' म्हटले की पुढचे प्रश्न विचारणे सोपे जाते.

घरी जुनीच पाटी काढली. तिच्यावर प्रोग्राम लिहून पाहू लागलो. टूलने झपाट्याने कुठे जायचे, कापत कुठे जायचे, चक कधी फिरायचे, हे सगळे अक्षर आणि आकडे यांच्या ओळींनी सांगायचे असते. ओळीमागून ओळ. पाभरीच्या तासामागून तास असावे तशी ती रचना आहे, शेतकऱ्याच्या मुलाला ती जड नाही. पण एक टिंब मात्र जीवघेणे. आमच्या त्या मशिनीवर पंचवीस मिलिमीटर म्हणायचे तर पंचवीसच्या पुढे टिंब द्यावेच लागे. टिंब राहिले तर मशीन त्याचा अर्थ पंचवीस मिलिमीटरचा हजारावा भाग असा घेई, आणि टूल सरळ जॉबच्या पोटात घुसे. आपल्याकडे एका अक्षराने 'ध' चा 'मा' झाला म्हणतात, इथे एका टिंबाने होतो. माझ्या पहिल्याच प्रोग्राममध्ये ते टिंब राहिले होते. मुलाने मशीन चालू करण्याआधी मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली, म्हणून सापडले. त्या दिवशी चूक भंगारात गेली नाही, पाटीवरच पुसली गेली.

तोही माझ्याकडून शिकला. एकदा त्याचा प्रोग्राम अगदी बिनचूक, तरी लांब शाफ्टचे माप मध्येच फुगत होते. दोन दिवस तो आकडे बदलत बसला. मी काचेला कान लावून ऐकले. जॉब थरथरत होता, मधून आधार नव्हता. सांगितले, "सर, प्रोग्राम बरोबर आहे. बैल बरोबर आहेत, जू ढिलं आहे." आधार दिल्यावर माप आले. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दिवाळीला अजून फोन करतो.

याच सुमारास घरात दुसरी उलथापालथ झाली. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले होते. घरबसल्या पुस्तके येतात, रविवारी केंद्रावर जायचे, एवढे कळल्यावर हिने नाव घातले. लग्नामुळे सुटलेले शिक्षण वयाच्या पस्तिशीत पुन्हा सुरू झाले. परीक्षेच्या दिवसांत भात मी लावत असे. भाकरी मला शेवटपर्यंत जमली नाही, तिच्या कडा काही केल्या गोल होत नाहीत, टर्नर असूनही. ही बी.ए. झाली आणि चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. २००१ मध्ये आमची शेड बंद पडली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसलो, तेव्हा तिच्या शिकवण्यांवर आमची चूल सात महिने चालली. इतके शिकूनही नोकरी गेलीच की, असे भावकीतल्या एकाने ऐकवले. खरेच होते ते. शिकल्यावर नोकरी जात नाही असे मी कधीच म्हणणार नाही. पुढे संध्याकाळी कामगार मुलांना ड्रॉइंग वाचायला शिकवण्याचे काम मला मिळाले. बीड, लातूर, जळगावकडची मुले, काही बिहारची. पहिल्या दिवशी मी त्यांना १४० पिनांची गोष्ट सांगतो. त्यांतला कोणी तरी दुसऱ्या दिवशी हळूच येऊन म्हणतो, "सर, मलाही कोपऱ्यातलं वाचता येत नाही."

आता विहिरीकडे येतो. २००० नंतर कारखाने चाकणकडे सरकले. आमच्या भागात जमिनी घेण्याच्या नोटिसा आल्या, कलम ३२ (२) च्या. आबांनी नोटीस माझ्यापुढे टाकली. "तुझ्या त्या नकाशासारखं कायतरी हाय, बघ." मी ती ड्रॉइंगसारखीच वाचली. आधी आकडे, मग कोपरे. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर. मग सातबारा काढून शेजारी ठेवला तेव्हा लक्षात आले की त्यावर विहीरच नाही. आबांनी विहीर खोदली, पण तलाठ्याकडे जाऊन नोंद करायची असते हे त्यांना माहीत नव्हते. तीस वर्षे जिचे पाणी आम्ही प्यायलो ती विहीर कागदावर कोरडीसुद्धा नव्हती. नोंदीसाठी अर्ज केला. संयुक्त मोजणीच्या दिवशी मी कामावर खाडा करून हजर राहिलो, विहीर आणि बांधावरची आंब्याची पाच झाडे पंचनाम्यात लिहून घेतली. त्यांचा मोबदला वेगळा मिळतो, तो मिळाला. त्यानंतर गावातली बरीच माणसे आपापल्या नोटिसा घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागली. नोटीस आली की सातबाऱ्याशी ताडून पाहावी, विहीर, पाइपलाइन, झाडे, घर एकेक बोट ठेवून तपासावे, हे त्या वेळी अनेकांना ठाऊक नव्हते.

जमीन मात्र गेली. पैशाचे काय झाले ते विचारू नका, ज्या गावात असे पैसे आले त्या सगळ्या गावांना ते माहीत आहे. धाकट्या भावाच्या वाट्याची जीप आली आणि गेली. आमच्या खळ्याच्या जागी आज कंपाउंडची भिंत आहे. पुतण्या जवळच्याच एका कारखान्यात कंत्राटावर आहे. तो दिवसभर एकच नट आवळतो आणि काही महिन्यांनी त्याला ब्रेक देतात. मी त्याला एकदा शिकण्यावरून बोललो, तर म्हणाला, "काका, तुम्ही झाडता झाडता लेथ शिकलात. मला माझ्या खुणेच्या बाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही." मी गप्प बसलो. आतापर्यंत जे सांगितले त्यात दोष माझ्या लाजेचा होता. त्याच्याकडे लाज नाही, तो विचारायला तयार आहे, पण कोणाला विचारायचे? माझ्यापाशी याला उत्तर नाही. तो शनिवारी संध्याकाळी माझ्या वर्गाला येऊन बसतो, एवढेच.

मोबदल्याच्या कागदांवर आबांचा अंगठा लागला, पानापानावर. आई शेजारी बसून बघत होती. घरी आल्यावर राखेने, मग साबणाने तिने त्यांचा अंगठा घासून दिला, तरी निळा डाग राहिलाच. २००५ मध्ये आबा गेले. पैशाचे खाते दोघांच्या नावे होते, आता तिला एकटीला बँकेत जावे लागणार होते. ती मला म्हणाली, "म्या अंगठा देनार न्हाई. त्यांच्या अंगठ्याची शाई तीन दिवस गेली न्हवती. त्या हातानं भाकर थापू का?"

हिने माळ्यावरून पाटी काढली. चौकट एका बाजूने निघाली होती, ती तारेने बांधली. आई तेव्हा पासष्टीची. तिच्या नावात पाच अक्षरे. एकेका अक्षराला आठ-दहा दिवस लागले. खुरपे धरतात तशी ती पेन्सिल धरी, मुठीत. तिसऱ्या अक्षराची वेलांटी ती नेहमी उलट्या बाजूला काढायची, आणि सून सासूला म्हणायची, "आई, पुन्हा." दार मात्र सताड उघडे असायचे. शेजारणी उंबऱ्यात बसून बघायच्या आणि आई त्यांना सांगायची, "बसा, तुमाला बी येईल."

दोन महिन्यांनी बँकेत गेलो. खिडकीवरच्या मुलाने शाईचा पॅड पुढे सरकवला. आईने तो बाजूला केला आणि पेन मागितले. मागे रांग होती. आधी पाचही अक्षरे सुटी सुटी काढली, वेलांटी या वेळी योग्य बाजूला. एक माणूस मागून "चला, चला" म्हणाला, पण तो मुलगा त्याला म्हणाला, "थांबा जरा." सगळी अक्षरे झाल्यावर आईने श्वास धरला आणि डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेघ ओढली. माझी नजर सवयीने त्या रेघेवर गेली. सूतभरही वाकडी नव्हती.

तर नात कागद घेऊन बसली होती. माझ्यापुढे तिने 'दहावी, बाहेरून' असे लिहिले, आजीपुढे 'बी.ए.'. मग माझ्या आईच्या नावाशी अडली. आई आज शहाऐंशीची आहे, कानाने थोडी कमी. नातीने मला हळूच विचारले, "आजोबा, पणजीचं काय लिहू? निरक्षर लिहू का?"

खाटेवरून आवाज आला, "सही येती म्हून लिही."

नातीने लिहिले.